नेन्यांचा कॅमशाफ्ट आणि मुक्ताची पाठवणी

रिटायर्ड इंजिनिअर एकटा असला की पेपर वाचतो. दोघे असले आणि समोर बॉनेट उघडं असलं की किस्से साठायला लागतात. भोपाळच्या आमच्या अवधपुरीत ते इतके साठलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचे ते दोघे म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले नेने आणि गाडगीळ. मी अकाउंट्सवाला, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही, चहा मात्र मिळतो. गाडी नेन्यांच्या वडिलांची, कित्येक वर्षं झाकून ठेवलेली. आजोबांच्या गाडीतूनच सासरी जाणार, हा त्यांच्या एकुलत्या एका लेकीचा, मुक्ताचा, लहानपणापासूनचा हट्ट. तिचं लग्न ठरलं आणि नेन्यांनी इंजिन उघडलं.

*

आतला कॅमशाफ्ट झिजला होता. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व कधी उघडायचे, कधी मिटायचे हे ठरवणारा दांडा. नेने हे मला समजावत होते, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या घरात तो मीच."

दुसरा मिळाला कबाड्याकडे, भंगारात. नेन्यांनी विचारलं, "किस गाडी का है?"

"साहब, चलनेवाली गाडी का."

एवढ्यावर साहेबांचं समाधान झालं. नोकरीत असताना हाच माणूस एका नटबोल्टासाठीही कोटेशन्स मागवायचा.

*

गाडगीळ क्वालिटी कंट्रोलचे. कारखान्यात त्यांची खूण उमटल्याशिवाय कुठलाही पार्ट जोडला जात नसे, आणि ती सवय पेन्शनबरोबर घरी आली. त्यांनी कॅमशाफ्टचं टोक घासून लखलखीत केलं आणि त्यावर आपली आद्याक्षरं ठोकली.

इंजिन जोडलं. वेगात मस्त गरजायचं, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका केला की थडथडून बंद! मग धक्का मारल्याशिवाय सुरूच होत नसे. कार्ब्युरेटर बदलला, टायमिंग तपासलं, काही फरक नाही. शेवटी संशय कॅमशाफ्टवर गेला. नेन्यांनी विचारलं, "त्याच्यावर नंबर काय होता?"

"होता काहीतरी. पुसट होता, म्हणून घासला," गाडगीळ म्हणाले. "आता बघा, किती स्पष्ट वाचता येतंय."

स्पष्टच होतं. ए. के. जी.

*

मग जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. एकाने ट्रॅक्टरचा सांगितला, एकाने मोटरबोटीचा. गाडगिळांनी डायल गेज लावून मोजमाप केलं, आलेख काढला आणि जाहीर केलं, की कॅमशाफ्ट रेसच्या गाडीचा आहे. व्हॉल्व जास्त वेळ उघडे राहतात, म्हणून गाडी पळते झकास, फक्त उभी राहत नाही.

तोवर लग्न तोंडावर आलं होतं. दुसरा शोधून बसवायला वेळ नव्हता. वहिनी म्हणाल्या, "भाड्याची गाडी सांगून टाका." नेने ताटावरून उठून गेले. इतके दिवस मी त्यांना हसत होतो, त्या दिवशी वाईट वाटलं.

*

शेवटी तोच कॅमशाफ्ट ठेवायचं ठरलं. ट्रायलला नेने कोलार रोडवर लाल सिग्नल सरळ तोडून गेले. पुढच्या चौकात हवालदाराने अडवलं.

"अंकल, रुके क्यों नहीं?"

"भैया, रुकता तो धक्का आपको मारना पडता."

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने गाडी थांबवायला लावली, आणि मग धक्का त्यालाच मारावा लागला.

*

पाठवणीला गाडी फुलांनी सजवलेली, आणि स्टिअरिंगवर स्वतः नेने. इंजिन बंद पडू नये म्हणून एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा क्लचवर, गिअर आधीच टाकलेला. आवाज एवढा, की कोण खरं रडतंय आणि कोण रीत म्हणून, काही कळेना. जावई निखिल मागे जाऊन बसला. मुक्ता सगळ्या मोठ्यांना नमस्कार करून आली. राहिले फक्त बाबा, आणि त्यांना काही उतरता येत नव्हतं. तिने त्यांच्या बाजूचं दार उघडलं, वाकली आणि पायांना हात लावला.

इतकी वर्षं भोपाळमध्ये काढल्यावर नेन्यांनी इथली एक रीत उचलली आहे. लेकीला पाया पडू द्यायचं नाही. त्यांनी सवयीने पाय मागे घेतला. क्लचवरचा.

गाडी उडी मारून फाटकाबाहेर गेली. थांबली असती तर तिथेच राहिली असती, म्हणून नेने थांबलेच नाहीत. निखिलला घेऊन थेट मिसरोदला, त्याच्या घरी.

मुक्ता शालू सावरत रस्त्यात उभी होती. वहिनी धावत आल्या. मुक्ताला आधी हसू आलं, मग रडू फुटलं.

"आई," ती म्हणाली, "बाबांनी मला ठेवून घेतलं. त्यालाच पाठवलं."