भुंग्याचा पहिला नंबर

बागायतदारांत ते 'यादीवाले' म्हणूनच ओळखले जात. खरं नाव मासिकाच्या कार्यालयातल्या हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. शेतीच्या त्या मासिकासाठी ते दरवर्षी छोट्या ट्रॅक्टरांची यादी करायचे. कोणता ट्रॅक्टर घेणाऱ्यांना जास्त पसंत, कोण पहिला, कोण घसरला, हे त्या यादीत असायचं. शर्यतीत खरे तिघेच होते: मुंगी, भुंगा आणि चतुर. तिन्ही बागेतल्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणारे, आणि तिन्हींचे विक्रेते आपलाच पहिला म्हणून छातीवर हात ठेवून सांगणारे. त्यामुळे लोक यादीची वाट बघत. हल्ली मात्र कोणी "यादीवाले" अशी हाक मारली की हा गृहस्थ खाली बघतो आणि चष्मा पुसायला लागतो.

सोळा वर्षं त्यांनी हे काम चोख केलं, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून लोक त्यांना पहिल्यापासूनचा लबाड समजतील. त्यांचा फॉर्म नऊ प्रश्नांचा होता. कधी घेतला, किती चालवता, काय बिघडलं, कोणाच्या सांगण्यावरून घेतला, असं विचारत विचारत ते नवव्या प्रश्नावर यायचे: "पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घ्याल का?" हा प्रश्न त्यांनी स्वतः घातलेला. संपादकांना तो फालतू वाटला होता, पण पुढे सगळी यादी त्याच प्रश्नाच्या जोरावर उभी राहिली आणि संपादक तो आपल्याला सुचल्याचं चारचौघांत सांगू लागले.

विचारायचीही त्यांची एक रीत होती. दुकानात नाही, रस्त्यात नाही, फोनवर तर नाहीच. घेणाऱ्याच्या दारात जायचं, ट्रॅक्टर समोर उभा असताना विचारायचं. दुकानात माणूस एक बोलतो आणि स्वतःच्या अंगणात दुसरं, असं त्यांचं म्हणणं. मालक ट्रॅक्टरचे गोडवे गात असताना मागे उभ्या बायकोने नाक मुरडलं, तर यादीवाले लिहिलेलं उत्तर खोडायचे आणि प्रश्न पुन्हा विचारायचे. समोरचा सांगेल तेच लिहायचं, आपल्या पदरचं अक्षर घालायचं नाही, आणि शेवटी त्याची सही घ्यायची. असे दोनशे फॉर्म झाल्याशिवाय यादी नाही. या शिस्तीचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत.

मग त्यांचा गुडघा बिघडला. त्यातच संपादकांनी त्या वर्षी यादी पंधरा दिवस आधी मागितली. स्कूटरवरून उतरायचं, बांधावरून चालायचं, पुन्हा चढायचं, अशी बारा घरं झाल्यावर त्यांच्या पायाने जाहीर असहकार पुकारला. तेराव्या घरी जाण्याऐवजी ते ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपसमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. बाक सावलीत होता आणि चहा बरा होता. समोरून ट्रॅक्टर आत जात होते, बाहेर येत होते. बसल्या बसल्या त्यांनी मोजायला सुरुवात केली.

चार दिवस मोजलं. भुंगे एक्केचाळीस, चतुर तेवीस, मुंग्या नऊ. सगळ्या भागातले ट्रॅक्टर कधी ना कधी इथे येणारच, तेव्हा जो जास्त दिसतो तोच लोकांनी जास्त घेतलेला असणार, असा त्यांनी हिशेब मांडला. सोळा वर्षं शेण-चिखल तुडवलेल्या माणसाला त्यात काही खटकू नये, याचं मला आजही नवल वाटतं. पण गुडघा दुखत असला की डोकंही त्याच्याच बाजूने बोलतं.

मग त्यांनी घरी दार लावून जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरायला घेतले. जुन्या याद्यांतली नावं, चार रंगांची पेनं. काही सह्या डाव्या हाताने केल्या. भुंग्याच्या फॉर्मवर नवव्या प्रश्नापुढे 'हो', 'हो', 'हो' लिहीत गेले. आतून बायकोने काय चाललंय म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी कागदांवर वर्तमानपत्र ओढलं. तिला त्या फॉर्ममधलं काही कळत नव्हतं, तरी ओढलं. आपण चोरी करतोय हे त्या क्षणी त्यांना पुरतं कळलेलं होतं.

यादी छापून आली. भुंगा पहिला. कोणी काही बोललं नाही, उलट भुंग्याच्या विक्रेत्याने यादी चौकटीत घालून दुकानात लावली. आठवडाभर लाज वाटली, मग ती हळूहळू बोथट झाली. आणि मग ताईचा फोन आला.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांची वेणीफणी सोडून बाकी सगळं केलं. शाळेत पोचवलं, तापात उशाशी बसली, चुकलं तेव्हा कानही पिळला. यजमान गेल्यापासून ती लिंबाची बाग एकटी सांभाळत होती. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणायचा आणि तो देईल तेव्हाच काम करायचं, याला ती कंटाळली होती. तिने मुंगी घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. पण यादी बघितली आणि बेत बदलला.

"यादीत भुंगा पहिला आहे ना?" तिने फोनवर विचारलं. "मग माझं ठरलं. तू दारोदार फिरून विचारलंयस, मी कशाला आणखी कोणाला विचारू?"

सांगायला तीच वेळ होती. बहीण होती, रागावली असती आणि विसरली असती. पण यादीवाले नुसतं "हं" म्हणाले. त्या सगळ्या खोट्या सह्यांपेक्षा ते एक "हं" त्यांना पुढे जास्त जड गेलं. भुंगा दारात आला त्या दिवशी ताईने दुकानदाराला ऐकवलं म्हणे, की माझ्या भावाने मोजलंय, मला तुमची माहिती सांगू नका.

वर्ष गेलं. ताईकडे जाणं होई तेव्हा ट्रॅक्टर कधी बागेच्या पलीकडे असे, कधी कोणीतरी नेलेला असे. कसा चालतोय विचारलं तर ती छान म्हणायची आणि पानात आणखी वाढायची. पुन्हा यादीची वेळ आली. गुडघा आता बराच बरा होता, पण एकदा सोपी वाट सापडली की पाय तिकडेच वळतात. यादीवाले वही घेऊन टपरीसमोरच्या त्याच बाकावर जाऊन बसले.

सकाळभरात चौदा ट्रॅक्टर झाले, त्यांतले नऊ भुंगे. नवव्या भुंग्याच्या सीटवर निळ्या चौकड्यांच्या कापडाची गादी बांधलेली होती. ते कापड त्यांनी ओळखलं. ताईच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या पडद्याचं होतं, आणि तो पडदा त्यांनीच तिला आणून दिला होता.

मिस्त्री हात पुसत चहाला आला. हा कोणाचा, असं यादीवाल्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. लिंबाच्या बागेवाल्या ताईंचा, पाचवी खेप, असं मिस्त्री सांगून बसला आणि मग त्याने जीभ चावली. तुम्हाला कळू द्यायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं, म्हणाला. भावाच्या यादीतला आहे, त्याला वाईट वाटेल, म्हणून.

यादीवाल्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. एवढे भुंगे इथे कसे, हे त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांना विचारता विचारताच कळलं होतं.

"अहो, इथे मोडलेलेच येतात," मिस्त्री हसत म्हणाला. "धडधाकट ट्रॅक्टर माझ्या दारात कशाला येईल? मुंगी तर वर्ष-वर्ष तोंड दाखवत नाही. या भुंग्याचा मागचा भाग नाजूक, अवजार उचलता उचलता मध्येच बसतो. गेल्या वर्षी तुमच्या यादीत हा पहिला आला ना, आम्ही पोट धरून हसलो. म्हटलं, यादी आमच्याच दारात बसून केली की काय!"

त्याने ते थट्टेत म्हटलं होतं. टपरीवाला हसला, बाकावरचे दोघे हसले. यादीवालेही हसले, कारण न हसण्याची त्यांची हिंमत झाली नाही. एक्केचाळीस भुंगे, एक्केचाळीस मोडलेले भुंगे, आणि आपण त्यांना पहिला नंबर देऊन मोकळे झालो. त्यांचे कान इतके तापले की त्यांनी रुमाल ओला करून मानेवर धरला. वही मिटून ते उठले आणि चहा तसाच टाकून थेट बहिणीच्या बागेकडे निघाले.

ताई झाडांच्या ओळीत उकिडवी बसून खुरप्याने तण काढत होती. पासष्टीला आलेली बाई, आणि पाठीमागे सहा ओळी हाताने झालेल्या. भावाला बघून ती गडबडीने उठली, खुरपं झाडाआड टाकलं. ट्रॅक्टर शेजाऱ्यांनी नेलाय, म्हणाली. माझा इतका चांगला चालतो की सगळ्यांना तोच हवा असतो.

यादीवाल्यांनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. ताई हसली. बहिणीचा पण फॉर्म भरणार का, असं म्हणत बांधावर बसली आणि पदराने हात पुसले. ते एकेक प्रश्न विचारत गेले. काय बिघडलं, याला ती "काही नाही" म्हणाली. कोणाच्या सांगण्यावरून घेतला, याला जराही न थांबता "भावाच्या" म्हणाली. त्यांनी ते लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेशील का?"

ती झाडांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो लिही."

"ताई, खरं सांग."

"खरंच सांगतेय. मी नाही म्हटलं तर तुझी यादी खोटी पडेल. एवढं उन्हातान्हात फिरून केलेली."

तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. बाक, सावली, एक्केचाळीस भुंगे, जेवणाचं टेबल, डावा हात, फोनवरचं "हं". वर्कशॉपात आज निळी गादी बघितली तेही सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या बोटांकडे बघत होते. खुरप्याच्या मुठीने उजव्या तळव्याला घट्टा पडला होता. मला तुझ्यापुढे उभं राहायची लाज वाटते, असंही ते म्हणाले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे वाक्य बोलायला किती कष्ट पडतात, ते बोलणाऱ्यालाच माहीत.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने झाडाआड टाकलेलं खुरपं उचललं, त्यावरची माती बोटाने काढली, आणि भावाकडे पाहिलं. लहानपणी कान पिळायच्या आधी ती तशी बघायची. पण या वेळी तिने कान पिळला नाही.

"मग 'नाही' लिही," ती म्हणाली. "आणि खाली कारणाची जागा आहे ना, तिथे कारणही लिही."

"काय लिहू?"

"जे सांगितलंस ते."

समोरचा सांगेल तेच लिहायचं, हा तर त्यांचाच नियम. त्यांनी गुडघ्यावर फॉर्म धरला आणि 'नाही' लिहिलं. खाली, कारणाच्या रकान्यात लिहिलं: भावाने मोजलं नव्हतं. ताईने कागद घेतला, डोळ्यांजवळ धरून पुरता वाचला आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. या वर्षीच्या दोनशेपैकी हा पहिला फॉर्म तिने त्यांच्या हातात परत दिला आणि उरलेली ओळ खुरपायला बसली.