तांब्याच्या हंड्यातला समुद्र

हसा खुशाल, मीही आता हसते. पण तेव्हा मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून पदर डोळ्यांना लावून रडले होते, खोटं कशाला बोलू? आता काय सांगू तुम्हाला, बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेली मी, आणि अकलेचे दिवे लावले ते असे! घ्या, चहा निवतोय तुमचा.

चौऱ्याहत्तर साल असावं. सांगलीतल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते, तीही तात्पुरती. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे महिनाअखेरीस येणारी समिती ठरवणार होती. आणि त्या समितीला दाखवायला आमच्या सरांनी काय आणावं? समुद्र!

थट्टा नाही करत. रत्नागिरीहून एस.टी.नं प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये खारं पाणी आलं, शंखात राहणारे तीन खेकडे आले, दोन इवलेसे मासे आले आणि एक समुद्रफूल आलं. नाव फूल, पण तो प्राणी बरं का! दगडाला चिकटून बसतो आणि पाकळ्यांसारखे हात हलवत राहतो. काचेच्या टाकीत हा संसार मांडला आणि मिरजेपासून लोक बघायला यायला लागले.

एवढ्यात पुण्याला सरांच्या पुतणीचं लग्न निघालं. जाताना सर म्हणाले, "बाई, दोन दिवसांनी टाकीतलं बरणीभर पाणी काढायचं आणि कॅनमधलं तेवढंच घालायचं. समिती आली की हे फूल उमललेलं दिसलं पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा, धातू लागू द्यायचा नाही पाण्याला."

"काळजीच करू नका, सर!"

आणि काळजी घेतली हो मी! टाकीत हात घालायच्या आधी घड्याळ काढायचे, अंगठी काढायचे, केसातला आकडासुद्धा काढून ठेवायचे. आणखी काय करायचं माणसानं?

पण ते कॅन काही मला बघवेनात. प्लॅस्टिक तेव्हा नवीन, झाकण उघडलं की कसलातरी वास यायचा. असल्या पाण्यात ते फूल जगणार कसं? मी वाईची. आमच्याकडे पिण्याचं पाणी म्हणजे तांब्यातलंच. नोकरीला निघताना आईनं मला तांब्याचा मोठा हंडा दिला होता. तो टांग्यात घालून कॉलेजात आणला, चिंच-मीठ लावून तोंड दिसेपर्यंत घासला आणि चार कॅन त्यात रिकामे केले. पाचवा मावेना, तो राहिला कोपऱ्यात.

आमचे शिपाई बापू पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. हंडा बघून खूश झाले. "लय झ्याक केलंसा, बाई. तांब्यातलं पानी म्हंजी औषध हाय."

औषधाचा पहिला डोस दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर एक खेकडा शंख सोडून बाहेर आलेला, आणि उताणा!

"बापू, हे कसं झालं हो?"

बापूंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आवं, परवा एका म्हातारीनं हात जोडलं आन् नाणं टाकलं न्हवं का आत. किस्नामाईत टाकत्यात तसं."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"देवाधरमाचं काम, आडवायचं कसं, बाई?"

मी हबकलेच. धातू! सर सांगून गेले तोच धातू! कोपरापर्यंत हात घालून मी नाणं काढलं, दारावर पाटी लावली, "नाणी टाकू नयेत, हा देव नाही", आणि आल्यागेल्याच्या अंगावर खेकसायला लागले. आता पाणी लवकर शुद्ध करायला नको का? म्हणून दोन दिवसांऐवजी रोज पाणी बदलायला लागले. मग सकाळ-संध्याकाळ.

तिसऱ्या दिवशी पाण्याला सुंदर निळसर झाक आली. मला काय वाटावं? समुद्राचा मूळ रंग परत आला! मी बापूंना बोलावून दाखवला. बापू म्हणाले, "व्हय की! रत्नागिरीच दिसाय लागली."

त्याच दुपारी दुसरा खेकडा गेला, तिसरा त्याच्या मागोमाग, आणि संध्याकाळी दोन्ही मासे. आणि फूल? ते मिटून बोराएवढं झालं. माझी नोकरीच त्या दगडावर आवळून बसली आहे असं मला दिसायला लागलं. धावत पोस्टात गेले आणि तार केली: "समुद्रफूल अत्यवस्थ. त्वरित या."

लग्नघरात तार! पाकीट फोडायच्या आधीच सरांच्या दोन आत्यांनी गळा काढला होता म्हणे.

सर स्टँडवरून थेट प्रयोगशाळेत आले. टाकीकडे एकदा पाहिलं आणि ओरडले, "कुठला धातू गेलाय पाण्यात?"

"नाणं, सर. पण मी लगेच काढलं."

"एका नाण्यानं एवढं होत नाही. पाणी कशात ठेवलं होतं?"

मी अभिमानानं हंड्यावरचं फडकं उचललं. "तांब्याच्या हंड्यात! चिंचेनं घासून!"

सरांच्या मागे खुर्ची होती, पण ते बसले जमिनीवर.

"बाई, तांबं हा धातू नाही?"

लोखंड धातू, जस्त धातू, पत्रा धातू. आमच्या वाईत तांब्याला कुणी धातू समजतं का हो? तांबं म्हणजे पूजा, तांबं म्हणजे शुद्ध पाणी!

"शुद्ध म्हणजे काय?" सर कळवळून म्हणाले. "पाण्यातले जीव मारतं ते! मग हे बिचारे कुठले होते?"

रोज दोनदा, स्वतःच्या हातानं, मी विष पाजत होते! पायरीवर बसून रडले ते तेव्हा.

तो हंड्यात न मावलेला पाचवा कॅन, त्यानंच लाज राखली. त्यातलं पाणी काचेच्या बरणीत ओतून सरांनी फूल दगडासकट त्यात ठेवलं. मी चार दिवस त्या बरणीसमोरून हलले नाही. समितीच्या सकाळी त्यानं हात बाहेर काढले, अर्धेच, पण काढले.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "टाकी असताना हे बरणीत का?"

मी तांब्याचा समुद्री जीवांवर होणारा परिणाम घडाघडा सांगितला. अगदी दिवसागणिक.

"वा! इतका बारीक अभ्यास कुठं केलात?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इथंच. स्वतः प्रयोग करून."

आणि काय आश्चर्य, मला कायम केलं! पत्र हातात पडल्यावर आधी देवाला हात जोडले, मग खालची ओळ वाचली. माझ्याकडे कॉलेजच्या संग्रहालयाचं काम दिलं होतं: फॉर्मॅलिनच्या बरण्यांतले मेलेले साप, बेडूक आणि मासे सांभाळायचे.

तीस वर्षं सांभाळले. एकही दगावला नाही!