पाणी कुठे मुरतंय

माझ्या मावशीची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली आणि सगळा संसार हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये. खिडकीतल्या चार कुंड्या, एवढीच तिची जमीन. निवृत्तीनंतर तिने आणि काकांनी लॉन असलेलं छोटंसं घर घेतलं, तेव्हा पहिल्या दिवशी ती चपला काढून गवतावर नुसती उभी राहिली होती.

लॉनला स्प्रिंकलर होते. पहाटे टायमर लागला की फवारे जमिनीतून डोकं वर काढायचे आणि गोल फिरत पाणी उडवायचे. पण भिंतीकडची रांग जेमतेम मान वर करायची, दोन चुळा टाकायची आणि बसायची. आधीच फिकटलेली ती बाजू महिन्याभरात जुन्या चटईसारखी पिवळी पडली.

भिंतीपलीकडे एक निवृत्त अधिकारी राहायचे. मावशीने त्यांना 'सल्लागार' नाव ठेवलं होतं. रोज सकाळी ते भिंतीवरून डोकावत. "लॉन म्हणजे लहान मूल, बाई. लक्ष द्यावं लागतं." मावशी ओशाळून "हो ना" म्हणायची आणि घरात येऊन धुसफुसायची.

स्प्रिंकलरवाल्या कंपनीचा माणूस आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "जुनं झालंय सगळं. पूर्ण सिस्टीम बदला."

"नख दुखतंय म्हणून हात कापायचा का?" मावशीने त्याला दारातूनच वाटेला लावलं.

मग ती स्वतःच पदर खोचून बसली. एकेक नोझल काढून सुईने साफ केलं, फिल्टर धुतला, व्हॉल्व्ह उघडून पाहिला. सगळं ठणठणीत. शेवटी तिने त्या रांगेतल्या प्रत्येक फवाऱ्याचं तोंड बुचाने बंद केलं आणि पाणी सोडलं. आता पाणी पाइपात अडून राहायला हवं होतं. तिने व्हॉल्व्हला कान लावला. आत पाणी सळसळत वाहतच होतं.

"अहो, इकडे या! पाणी कुठेतरी मुरतंय!"

"फुटला असेल पाइप," काका पेपरातून म्हणाले.

"मग चिखल कुठाय?"

खुरपं घेऊन ती पाइपाच्या मागावर निघाली. भिंतीच्या पायथ्याशी माती भुसभुशीत लागली. खाली मळकट पाइपाला एक पांढराशुभ्र, नवाकोरा जोड होता आणि त्यातून निघालेली नळी भिंतीखालून पलीकडे गेली होती. मावशी स्टुलावर चढली. सल्लागारांचा नळ कोरडा होता, पण गुलाबांच्या मुळाशी पाणी भरत होतं. गुलाब कसले, वाटीएवढी फुलं!

ती तशीच मातीच्या हातांनी त्यांच्या दारात गेली.

"ही नळी कुणाची?"

सल्लागारांनी चष्मा पुसला. "त्याचं काय आहे बाई, घर कित्येक महिने रिकामं होतं. टायमर चालूच. पाणी वायाच जात होतं, म्हणून म्हटलं..."

"आता रिकामं आहे का?"

"सांगणारच होतो. शेजारधर्म म्हणून तुम्ही काही..."

"शेजारधर्म?" मावशीचा आवाज चढला. "माझं पाणी पळवायचं आणि वर मलाच अक्कल शिकवायची? रोज? 'लहान मूल' काय, 'लक्ष द्या' काय! माझ्या तोंडचा घास काढून मलाच विचारत होतात, बाई, तुम्ही वाळलात का!"

आतून त्यांची बायको आली. तिला यातलं काहीच ठाऊक नसावं. तिने एकदा नवऱ्याकडे, एकदा मावशीच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "काढून टाका ती नळी. आत्ताच काढा."

"जाऊ दे ना आता. रोज तोंड बघायचंय त्यांचं," काका रात्री जेवताना म्हणाले. तर मावशीने त्यांनाही सोडलं नाही. "पाइप फुटलाय म्हणत कोण बसलं होतं?"

नळी तिने कापली आणि जोडाला टोपण बसवलं. दुसऱ्या पहाटे भिंतीकडची रांग ताठ उभी राहिली. गवत बरंचसं परतलं, पण कोपऱ्यातला एक पट्टा कायमचा गेला. त्या पट्ट्याकडे पाहिलं की मावशीचं डोकं आजही फिरतं.

सल्लागार आता झारीने पाणी घालतात आणि मावशी बाहेर आली की पाठ फिरवतात.

"चोरी त्यांनी केली आणि रुसलेत पण तेच!" मावशी मला फोनवर सांगत होती. "सरळ मागितलं असतं, तर नाही म्हणाले असते का मी?"