पाठ फिरवून उभा राहणारा

"मी फिरलो, काका," असं म्हणून तो खुर्चीवरून उठायचा, खिडकीपाशी जायचा आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा. मी एका बोटाने पासवर्ड टाइप करायचो. झाला की सांगायचो, "हां, फिर आता." मगच तो वळायचा. आधी कधी वळला नाही.

तुम्ही म्हणाल, काय सभ्य मुलगा. मी एवढ्या लवकर कुणाला सभ्य म्हणत नाही. ज्याला चोरी करायची असते तो सुरुवातीला सभ्यच वागतो. शिवाय माझ्या खिडकीला काच आहे. काचेत खोली दिसते हे मला कळायला इंजिनिअर व्हावं लागलं नाही. दुसऱ्या खेपेला तो यायच्या आधीच मी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडून ठेवली. त्याच्या लक्षात आलं असणार. बोलला मात्र नाही. बाहेर बघत म्हणाला, "मामूंची लाँच आली वाटतं. ती हिरवी."

माझ्या पेढीच्या खिडकीतून खाली मिरकरवाड्याचं बंदर दिसतं. हा तिथलाच. बाप मासेमारीच्या लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. गुडघे गेले तसा घरी बसला, म्हणून हा पुण्यातली कंपनीची नोकरी सोडून परत आला आणि झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेऊन वेबसाइटी बनवायला लागला. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा अशा माणसाला कोण विचारणार? त्याचं पहिलं मोठं काम माझंच.

माझं शिक्षण चौथी. इंग्रजी अक्षरं मी आंब्याच्या पेट्यांवरच्या छापांवरून शिकलो. पण गिऱ्हाइकं मी कमावलेली आहेत. बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरून, डोक्यावर पेटी घेऊन गिरगावातले जिने चढलोय. एका घराने दुसरं घर सांगितलं, दुसऱ्याने तिसरं. कुणाला आंबा कधी लागतो, कुणाकडे मुंज आहे, कुणाच्या सुनेला आंबट चालत नाही, सगळं डोक्यात. कलमं कुणाकडेही असतात हो. माझी गिऱ्हाइकं दुसऱ्या कुणाकडे नाहीत. ती गेली तर मी नुसता झाडांचा राखणदार.

माझ्या मुंबईच्या मुलाने कुणाकडून तरी वेबसाइट करून घेतली आणि ती सगळी गिऱ्हाइकं डोक्यातून काढून तिच्यात भरली. ऐन पाडव्याला लोक बुकिंग करायला आले आणि वेबसाइट बसली. म्हणून या मुलाला बोलावलं.

त्याने दोन दिवस आत काय ते बघितलं आणि म्हणाला, "काका, तुमची गिऱ्हाइकं ज्या कोठीत आहेत ना, तिला डेटाबेस म्हणतात. इथे वेबसाइटचं प्रत्येक पान स्वतः उठून कोठीपर्यंत जातं आणि आपलं वेगळं कनेक्शन उघडतं. गर्दी झाली की दारात चेंगराचेंगरी. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर कोठीचा पासवर्ड लिहिलेला आहे. तुमच्या मुलाने पानं देताना तेवढा पुसून दिला, म्हणून मला दिसला नाही."

"प्रत्येक पानाच्या?"

"प्रत्येक."

त्या दिवशी मी जेवलो नाही.

त्याचा उपाय असा, की पानाने कोठीकडे जायचंच नाही. एका जागी एकच माणूस बसल्यासारखा, तो कनेक्शन उघडणार आणि ज्या पानाला हवं त्याच्या हातात देणार. पानाला पासवर्ड माहीत नाही, कोठी कुठे आहे तेही माहीत नाही. याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात म्हणे. तो आपल्या भाषेत सांगायचा, "बाहेरून द्या काका, आत जाऊ देऊ नका." हे वाक्य त्याच्या तोंडात सारखं. जेवताना डब्यातली चटणी वाढायची झाली तरी हेच.

मी म्हटलं, समजावून सांग. तेव्हा त्याने खाली शेडकडे बोट केलं. खाली आमच्या बायका पेट्या भरत होत्या. "त्या आढीत जातात?" त्याने विचारलं.

आढी म्हणजे गवतात आंबा पिकायला घालतो ती. माझ्याकडे नियम आहे, आढीत हात घालायचा तो मीच. दहा जणांनी आत जाऊन आंबे दाबून बघितले की आंबा गेलाच. मी काढून देतो, बायका भरतात.

"तसंच," तो म्हणाला. "पान म्हणजे पेटी भरणारी बाई."

"तसंच नाही," मी म्हटलं. "बाईला नाक आहे. मी चुकून डागी आंबा दिला तर ती माझ्या अंगावर फेकते. तुझं पान फेकेल?"

त्याने पुन्हा खाली शेडकडे बघितलं. मग म्हणाला, "नाही. पान जे देईल ते घेतं. म्हणून देणारा नीट हवा."

"आणि देणारा कोण? तू."

"मी नाही, तुम्ही."

इथे मला त्याचा संशय जास्तच आला. कारण पुढे त्याने जे मांडलं ते कुठलाही कामवाला मागत नाही. म्हणाला, मला तुमची गिऱ्हाइकं बघायचीच नाहीत. मी घरी एक सरावाची कोठी करतो, तिच्यात खोटी नावं भरतो. पानाला कळतच नाही हातात दिलेली कोठी खरी की सरावाची. तिथे सगळं चाललं की तुमच्या पेढीवर येऊन, तुमच्या कॉम्प्युटरवरून, तुमच्या समोर चढवतो. इथे खऱ्या कोठीचा पासवर्ड एकाच फायलीत असेल. तो तुम्ही टाकायचा. मला सांगायचा नाही.

"आणि नंतर ती फाइल उघडून बघितलीस तर?"

"तुमच्या खुर्चीत बसून तुमच्या समोरच बघावी लागेल. तुम्ही बघू द्याल?"

"देणार नाही."

"मग झालं की."

अशी ती पाठ फिरवायची पद्धत पडली. खिडकीशी उभा राहून बंदराच्या बातम्या सांगायचा. कुणाची लाँच लागली, कुणाची अजून बाहेर आहे. मला घाई होऊ नये म्हणून बोलायचा असं आता वाटतं. तेव्हा वाटायचं, माझी अक्षरं मोजतोय, आवाजावरून.

वेबसाइट चालली. सीझनला एकदाही बसली नाही. पण माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. मी एक सापळा लावला. वेबसाइटवर मी स्वतः एक गिऱ्हाईक नोंदवलं. नाव श्री. पवळे, पत्ता डोंबिवलीच्या मेहुण्याचा. मेहुण्याला ताकीद दिली, या नावाने काहीही आलं तरी मला कळव, आणि घरातसुद्धा बोलू नकोस.

पुढच्या वर्षी, आंब्याला अजून मोहोर होता, मेहुण्याचा फोन आला. श्री. पवळे यांस एका दुसऱ्या आंबेवाल्याचं छापील पत्र. नमस्कार, यंदा आमच्याकडून आंबा घ्यावा.

मी ते पत्र मागवून घेतलं आणि त्याला पेढीवर बोलावलं. दार लावलं. पत्र टेबलावर ठेवलं.

"हा पवळे कोण? ओळखतोस?"

"नाही, काका."

"नीट आठव."

"नाहीच ओळखत. कोण आहे?"

"माझा बैल."

त्याला आधी हसू आलं. मग पत्र वाचलं आणि चेहरा उतरला. मी सांगितलं, हे नाव जगात एकाच ठिकाणी आहे, माझ्या वेबसाइटवर. तिला हात लावणारे दोघेच, मी आणि तू. मी तर पत्र पाठवलं नाही. आज संध्याकाळी मी बाजारात जाणार आहे आणि तिथे चार माणसांना सांगणार आहे.

बाजारात मी बोललो असतो तर झेरॉक्सच्या दुकानावरची ती खोली दुसऱ्या दिवशी बंद झाली असती, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. मुसलमानाचा पोर म्हणून लोकांनी चार गोष्टी वरून लावल्या असत्या त्या वेगळ्याच.

तो रडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मी एवढे दिवस बंदर बघत उभा राहिलो ते फुकटच म्हणायचं."

"मेल्या, उभा राहिलास म्हणून काय झालं?"

"बाजारात जा, काका. मी अडवत नाही. आधी एक काम करा. पासवर्ड बदला."

"का?"

"माझी पानं हातात दिलेलं वापरतात. तुम्ही एका जागी पासवर्ड बदलला की ती आपोआप चालू राहतील. पण जे पान अजून स्वतः जाऊन कोठी उघडतं, त्याच्या डोक्यावर जुना पासवर्ड लिहिलेला असेल. ते उघडायला गेलं की आपटेल. जे आपटेल ते चोर."

हे मला पटलं. चोर पकडायची युक्ती कुणाचीही असो, मला पटते. पण म्हटलं, बदलणार मी. तो उठला. "मी फिरलो." त्या दिवशी त्याने बंदराची एकही बातमी सांगितली नाही. पाठ नुसती ताठ. मी आधी कोठीचा पासवर्ड बदलला, मग तोच फायलीत घातला. दोनदा चुकलो. तो हलला नाही.

"हां, फिर आता."

मग एकेक पान उघडत गेलो. माऊस माझ्याच हातात. बुकिंगचं पान चाललं. गिऱ्हाइकांचं चाललं. पेट्यांचं चाललं. माझ्या मनात आलं, काही आपटणार नाही, हा वेळ काढतोय. मग तो म्हणाला, "त्या खालच्या फोल्डरात काय आहे? ते माझं नाही."

आत एकच पान होतं. मी ते उघडलं आणि पडदाभर इंग्रजी ओळी आल्या. कोठीने दार उघडलं नव्हतं.

त्याने त्या पानाच्या पोटात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. पहिली वेबसाइट ज्याने केली होती, त्याने पेट्यांवर चिकटवायचे पत्ते छापायला ते पान केलेलं. आम्ही ते कधी वापरलं नाही, पत्ते आम्ही हाताने लिहितो. पण ज्याला त्या पानाचा पत्ता ठाऊक आहे तो जगात कुठेही बसून माझी सगळी गिऱ्हाइकं छापून घेऊ शकत होता. तो पहिला माणूस आता कुणाची वेबसाइट करतो याची मी माझ्या मुंबईच्या मुलाकडून चौकशी केली. पत्रावर ज्याचं नाव होतं त्याचीच.

"हे फोल्डर मी बघायला हवं होतं," तो म्हणाला. "जुनं म्हणून हात लावला नाही. चूक माझी."

"चूक तुझीच," मी म्हटलं. "पण मी म्हटलं होतं ना, चोर आहे म्हणून?"

"होय काका. संशय बरोबर होता. माणूस चुकला."

मी माफी वगैरे मागितली नाही. मागायचं कारणही नव्हतं, पवळ्याला मी बसवलं नसतं तर ते पान आजही पत्ते वाटत बसलं असतं. खाली जाऊन मी आढीतून आंबे काढले, म्हणजे त्या वर्षीचे पहिले पिकले तेव्हा, आणि मिरकरवाड्याला त्याच्या घरी स्वतः नेऊन दिले. त्याची आई म्हणाली, आत या, बसा. मी म्हटलं, बाहेरूनच देतो. तो आतून हसल्याचं ऐकू आलं. मग आत गेलो, चहा घेतला.

बापाचं औषधपाणी वाढलं तसा तो मस्कतला गेला. मोठी कंपनी. माझ्याकडे पुण्याहून एक दुसरा आला. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसून म्हणाला, "आजोबा, पासवर्ड सांगा, मी टाकतो." मी त्याला चहा पाजला आणि एसटी स्टँडचा रस्ता दाखवला.

गेल्या सीझनच्या आधी वेबसाइट दुसऱ्या जागी हलवायची होती. मस्कतहून त्याने फोनवर एकेक पायरी सांगितली. कुठे दाबायचं, काय आलं, आता काय. शेवटी म्हणाला, "आता पासवर्ड टाका. थांबा. मी फिरलो."

"मेल्या, तू मस्कतला आहेस."

"तरी पण. इथे पण खिडकी आहे, काका. समोर नुसती भिंत आहे दुसऱ्या बिल्डिंगची."

खरंच फिरला की नाही, कोण बघायला गेलंय? मी सवयीने कीबोर्डवर डावा हात आडवा धरला आणि एका बोटाने टाइप केलं. बातमी सांगायला त्याच्यापुढे काही नव्हतं.

मी खिडकीकडे बघितलं.

"ऐक," मी म्हटलं, "तुझ्या मामूंची लाँच लागली आहे. हिरवी. मासळी उतरवतायत."

मग मी एंटर दाबलं.

"हां," मी म्हटलं. "फिर आता."