सिहोऱ्याची सात रोपं

चाळिशीत मला जीवशास्त्राचं खूळ लागलं. तोवर जबलपूरच्या एका कॉलेजात इमानेइतबारे भौतिकशास्त्र शिकवत होतो. वर्षभराची बिनपगारी रजा काढली आणि वनस्पतिशास्त्राच्या एका मॅडमच्या प्रयोगशाळेत दाखल झालो. वाटाण्याच्या रोपांच्या जनुकांची माहिती संगणकावर जुळवून बघायची, हे काम. वर्षाअखेरीस मॅडमनी ठेवून घेतलं तर कॉलेजचा राजीनामा, नाही तर निमूटपणे परत लोलक आणि भिंगं.

रांझीला, शहराच्या टोकाला असलेल्या आमच्या घरी, बाबांना हे सांगितलं. ते तिथल्या लष्करी फॅक्टरीतून तयार भागांचे तपासणीस म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "पर्मनंट नोकरी सोडून वाटाणे सोलून राहिला का?"

मला मात्र भारी आत्मविश्वास. जीवशास्त्रवाल्यांना जरा शिस्त लावली की झालं, असं आम्हा भौतिकीवाल्यांना मनापासून वाटतं. जबलपूरजवळच्या सिहोऱ्याच्या एका शेतातल्या रोपांची माहिती आली. आलेखावर एकेका रोपाचा एकेक ठिपका; बाकी सगळे एका जागी गोळा झाले, सात मात्र भलतीकडेच. आमच्यात असा ठिपका म्हणजे मोजणाऱ्याची चूक. मी माहितीतून त्या सात रोपांच्या ओळी उडवल्या आणि देखणा आलेख ऐटीत मॅडमपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा काढला. "सर, वो सात पौधे कहाँ गए?"

"गडबड थी उनमें. हटा दिए."

"पूरे खेत में रोग लगा था. वही सात बचे थे. उन्हीं के लिए तो हम सिहोरा गए थे!"

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, परत कॉलेजात जातो, हे आपलं काम नाही.

"वेगळं दिसलं म्हणून फेकलं? काहून?" बाबा खरंच चिडले. "आम्ही वेगळा नग पहिले टेबलावर घ्यायचो. तो असा काहून झाला, ते पाहायचो. इतके वर्षं शिकवून राहिला, अन् हे नाही माहीत?"

दुसऱ्या दिवशी सात ओळी परत घातल्या आणि नुसत्या त्यांच्याच मागे लागलो. महिन्याभरानं सातही रोपांच्या जनुकांत एकाच ठिकाणी सारखा बदल सापडला. मॅडम म्हणाल्या, "अब आप रुक ही जाइए."

राजीनामा द्यायला निघालो तर बाबा स्कूटरवर मागे बसले. कॉलेजच्या फाटकापाशी कागद मागून घेतला, वाचला.

"कारण वैयक्तिक काहून लिहिलं? खरं लिही ना. लाज कशाची?"

मी सीटवर कागद टेकवला, ते खोडलं आणि लिहिलं, शिकायला जातोय.