डावीकडचं चाक

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत या खाडीकाठच्या पाणी-प्लांटवर लागलो. आमच्या घरी भांडी घासलेलं पाणीसुद्धा आई शेपूच्या वाफ्याला घालायची. इथे मात्र वाळूचे फिल्टर खालून उलटं पाणी सोडून धुतले की ते गढूळ, तुरटीचं पाणी सरळ खाडीत जायचं. ज्या काकांनी मला काम शिकवलं, त्यांनी तसंच शिकवलं होतं: धुणं झालं की डावीकडचं, खाडीच्या नळाचं चाक फिरवायचं.

काका निवृत्त झाले. मग नवे साहेब आले आणि मागे तळं खोदलं. गाळ तळाशी बसणार, वरचं निवळ पाणी पुन्हा प्लांटात येणार. खाडीत थेंबही जाऊ द्यायचा नाही. आता चाक उजवीकडचं. मला मनापासून पटलं होतं, आईची आठवणही झाली.

आणि तरी त्या शुक्रवारी माझ्या हाताने डावंच चाक फिरवलं.

ओहोटी होती. भरती असती तर कुणाला कळलंही नसतं. खाली चिखलात बाया तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत होत्या. त्यातली एक मावशी कुंपणाशी आली, पोटऱ्यांपर्यंत पांढुरका राडा.

"काय रं, आमाला आंघोल घालतंस काय? तुमचा साहेब तर बोलला, आता न्हाय येनार म्हनून!"

धावत जाऊन चाक बंद केलं. बरोबरचा फिटर म्हणाला, "गप बस. वरच्या नाल्याचं पाणी आलं म्हणून सांग. कंत्राटी माणूस तू, उद्या गेटवरूनच परत पाठवतील."

ते खरंच होतं. इथे मला ओळखणारं कोण होतं? पण साहेबांनी त्या बायांना माझ्यासमोर शब्द दिला होता. मी नाल्यावर ढकललं असतं, तर खोटे साहेब ठरले असते. मी ऑफिसात गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती वेळ चालू होतं?"

"पाच-सात मिनिटं असतील, साहेब. चुकून नाही, सवयीने झालं."

"तेच लिही रजिस्टरात. सवयीने."

माझं अक्षर गिचमिड, लिहायला वेळ लागला. तोवर ते थांबले. मग मला घेऊन खाली चिखलापर्यंत आले, बूट काढले आणि बायांना म्हणाले, "चूक आमची आहे. ते चाक तसंच ठेवायला नको होतं."

"चूक ह्याची, न् तुमी कशाला चिखलात आलाव?" मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या. मला रडू येत होतं.

वर येताना धीर करून विचारलं, "साहेब, माझं काम?"

"उद्या सकाळपाळी कुणाची आहे?"

"माझीच."

"मग पाना घेऊन ये. ते चाक काढून टाकू."

दुसऱ्या दिवशी ते काढलं, नळाच्या तोंडावर लोखंडी झाकण बसवलं. मावशीचा मात्र अजून विश्वास नव्हता. "पानी सोरलास का आमाला हाक मार," म्हणाली. मी म्हटलं, मावशी, आता सोडणारच नाही. "मंग सोरला न्हाय म्हनून हाक मार!"

तेव्हापासून फिल्टर धुतले की मी कुंपणाशी जातो आणि ओरडतो, "मावशी, तळ्यात गेलं!" ती मान वर करत नाही. चिखलाचा हात तेवढा उचलते.