नाही म्हणायचं तर तारीख देऊन

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठतात आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर येतात. माझं कपाट म्हणजे मुलुंडला फरसाणच्या दुकानावरचं आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, कांबळे मॅडम आणि मी. लोकांचे क्रेडिट कार्डाचे फॉर्म भरून आम्ही बँकांकडे पाठवतो. मॅडम मालकीण, मी फॉर्म तपासणारी. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करते.

*

बँकांचे नियम असतात. एकदा नकार आला की सहा महिने परत अर्ज करायचा नाही. वर्षभरात फार नवी कार्डं घेतलेली दिसली, तरी नकार. मॅडमना तरुणपणी एका बँकेत खिडकीतल्या माणसाने मान वर न करता "नाही होणार" सांगितलं होतं. ते त्यांना अजून लागलेलं आहे. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एकच शिस्त: "साधना, नाही म्हणायचं तर तारीख देऊन म्हणायचं."

लोकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध आणि गॅस असतो. आमच्या कॅलेंडरवर नकार आलेल्यांची नावं असतात, सहा महिने पुढच्या चौकोनात. तो दिवस आला की आम्ही स्वतःहून फोन करतो.

एक आजोबा बराच वेळ ते कॅलेंडर वाचत बसले होते. शेवटी म्हणाले, "कमाल आहे तुमची. एवढ्या लोकांचे वाढदिवस लक्षात ठेवता?"

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "फक्त केक प्लास्टिकचा असतो."

*

नाहूरचे सकपाळकाका. एका बँकेने नाही म्हटलं म्हणून त्यांनी त्याच आठवड्यात आणखी चार बँकांत अर्ज टाकले. एक बस चुकली तर मागून दुसरी येते, असा हिशोब. पण प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि पुढची बँक ती बघते, त्यामुळे पाचही बसेस न थांबता गेल्या. मी त्यांना तारीख दिली, त्या तारखेला फोन केला, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून तासाभरात हजर. हातात पेढे.

मी घाबरले. म्हटलं, काका, अजून फॉर्मसुद्धा भरला नाहीये, मंजूर झालं नाही तर?

"पेढे कार्डाचे नाहीत गं, फोनचे आहेत," काका म्हणाले. "नाही सांगून झाल्यावर परत फोन करणारी तू पहिलीच."

त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. अर्धं कारण पेढे.

*

एक शाळेतल्या बाई. नव्या कार्डावर सेटमधली एक प्रवासाची बॅग फुकट मिळते म्हणून त्यांनी वर्षात तीन कार्डं घेतली. चौथ्याला नकार आला. मी नियम समजावला, तारीख दिली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तोपर्यंत सेटमधली मधली बॅग तुम्ही कुणाला देणार नाही ना?"

*

घाटकोपरचे एक गृहस्थ तर भांडायलाच आले. नव्या कार्डावर एअरपोर्टच्या लाउंजमध्ये फुकट बसायला मिळतं असं आम्ही सांगितलेलं, आणि दारावरून त्यांना परत पाठवलं. मी त्यांना फॉर्मची मागची बाजू दाखवली. आधीच्या तीन महिन्यांत कार्ड वापरलेलं असेल, तरच लाउंज. वर ऐकवलं, "सही करण्याआधी वाचत जा हो जरा."

फार शहाणपणाने ऐकवलं. लक्षात ठेवा.

*

आता माझी पाळी. माझ्या सासूबाई मालवणकडच्या, बहात्तर वर्षांच्या, विमानात कधी बसलेल्या नाहीत. नणंदेकडे बंगळुरूला विमानाने जायचं ठरलं. मी त्यांना पोचवायला जाणार होते. तळमजल्यावरच्या शहाकाकूंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की लाउंजमध्ये इडली, चहा, सगळं फुकट, वर सोफा. मी छाती पुढे काढून म्हटलं, "आई, मी कार्डाच्याच ऑफिसात आहे. तुम्हाला त्या सोफ्यावर बसवते."

अर्ज केला. नकार! आदल्या दिवाळीत ऑफिसचं टार्गेट भरेना म्हणून मी स्वतःच्याच नावावर चार कार्डं काढली होती. सगळी साधी, एकालाही लाउंज नाही. दुसऱ्यांना मी हाच नियम समजावते, आणि तोच मला लागू होतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मॅडमनी पेन उचललं आणि सहा महिने पुढच्या चौकोनात लिहिलं: साधना परब.

घरी सांगताना माझा चेहरा पडलेला. सासूबाईंनी विचारलं, तारीख मिळाली का? मिळाली म्हटल्यावर त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या शेजारी लिहिली आणि नणंदेला फोन लावला. तिकीट त्याच्यानंतरचं काढ म्हणून सांगितलं. नणंद चिडली. सासूबाई म्हणाल्या, सोफो खंय पळान जाता काय?

माझ्या शब्दाखातर त्यांनी सहा महिने प्रवास पुढे ढकलला. आणि एकदाही बोलून दाखवलं नाही.

*

माझी तारीख आली. सकाळी माझा मोबाइल वाजला. मॅडम! चार हातांवरच्या टेबलावरून, माझ्याकडे पाठ करून, एकदम ऑफिसच्या आवाजात: "साधना परब बोलतायत का? सहा महिन्यांपूर्वी आम्ही तुम्हाला नाही म्हटलं होतं. आज वेळ आहे का?"

माझ्या तोंडातून रोज गिऱ्हाइकांकडून ऐकलेलं तेच निघालं. "आत्ता मीटिंगमध्ये आहे, नंतर करा."

फॉर्म मॅडमनीच भरला. एकही चूक नव्हती, मी तपासला. दहा दिवसांत कार्ड हातात.

*

विमानाच्या दिवशी सासूबाई नवी साडी नेसून, फुकटच्या इडलीसाठी उपाशीपोटी घरातून निघाल्या. लाउंजच्या दारात एक चुणचुणीत मुलगी. तिने कार्ड मशीनला लावलं, परत लावलं. म्हणाली, "मॅडम, आधीच्या तीन महिन्यांत या कार्डावर खर्च दिसत नाही. सॉरी, एन्ट्री नाही मिळणार."

कार्ड घरात येऊन मोजून दोन आठवडे झाले होते. घाटकोपरचे ते गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर येऊन उभे राहिले. काचेतून सोफा दिसत होता. इडल्यासुद्धा दिसत होत्या.

सासूबाईंनी मला विचारलं, "कित्याक नाय म्हणता ता?" मी खाली मान घालून सांगितलं, की कार्ड नवीन आहे, आधी तीन महिने वापरायला लागतं. त्यांनी मान हलवली. पर्समधून आमच्या ऑफिसने छापलेलं पुढच्या वर्षाचं छोटं कॅलेंडर काढलं, पेन काढलं, आणि दोन्ही त्या मुलीसमोर ठेवलं.

"बरां. मगे तारीख दी गो बाय."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग तिने कॅलेंडर ओढून घेतलं, बोटांवर महिने मोजले, आणि मार्चच्या एका चौकोनात नीट अक्षरात लिहिलं: 'आजी. इडली.'